बाबांच्या छातीचे फोटो

स्कॅन झाला तो शुक्रवार होता. आई आणि बाबा रिक्षाने घरी आले तेव्हा मी नुकतीच शाळेतून परतले होते. बाबांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी होती. रिपोर्ट नव्हता. तपासणारे डॉक्टर बाहेरगावी होते, रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. फिल्म आता कोणी काढत नाही, सगळं सीडीतच असतं, असं तिथल्या मुलीने सांगितलं होतं.

"ही घे," बाबा म्हणाले. "माझी छाती हाय यात."

बाबा बोटीवर होते. मोठ्या मालवाहू जहाजांवर, इंजिनरूममध्ये. माझं लहानपण त्यांच्या येण्याजाण्यात गेलं. ते घरी असत तेव्हा मोठ्याने बोलत, कारण इंजिनाच्या आवाजाची त्यांना सवय झालेली. निवृत्त होऊन रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला बांधलेल्या घरात राहायला लागले तरी तो आवाज कमी झाला नव्हता. गणपतीनंतर मात्र खोकला लागला आणि आवाज बसला. आधी आईने आल्याचा काढा दिला, मग आमच्या डॉक्टरांनी औषधाच्या बाटल्या दिल्या. दिवाळीला नवी पँट शिवली ती महिनाभरात कमरेला सैल झाली, तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन करून घ्या म्हणून सांगितलं.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे मुलांना टायपिंग, तक्ते आणि थोडं चित्रकाम शिकवते. पण घरात आणि आळीत माझी ख्याती फार मोठी. कोणाचा मोबाइल अडकला, कोणाचं वीजबिल भरायचं राहिलं, की ते माझ्याकडे येणार. त्यामुळे सीडी माझ्याच हातात पडणार हे ठरलेलंच होतं.

दादा ठाण्याला असतो. त्याचा फोन आला.

"सीडी कुरियर करू नको, वेळ जाईल," तो म्हणाला. "आमच्या साहेबांच्या ओळखीचे छातीचे डॉक्टर आहेत. ते बघतो म्हणालेत. त्यातले दहाबारा फोटो जेपीजी करून मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. मी पुढे पाठवतो."

"रिपोर्ट सोमवारी येतोय ना."

"सोमवारपर्यंत कोण थांबणार? तू कर गं. तुला येतं ते."

मला येत नव्हतं. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेतल्या शेवटच्या, सगळ्यात जुन्या मशीनवर बसले. त्याचा सीडीचा कप्पा बाहेर येतो तेव्हा करकरतो. सीडीत एक प्रोग्राम होता, तो त्या मशीनवर चालेना. मग नुसतं फोल्डर उघडलं. आत एकाखाली एक फाइली, नाव नाही, नुसते आकडे, आणि मागे कसलाही प्रकार लिहिलेला नाही. प्रत्येकीपुढे नुसतं कोऱ्या पांढऱ्या कागदाचं चित्र. दोनदा टिचकी मारली की मशीन विचारायचं, ही फाइल कशाने उघडू? सगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि घरी आले.

इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की या फाइलींना डायकॉम म्हणतात. दवाखान्याच्या यंत्रांची ती आपापसातली भाषा. साध्या फोनवर त्या उघडत नाहीत. त्यांचे साधे फोटो करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं. ते लॅपटॉपवर चढवत होते तेव्हा बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. आई स्वयंपाकघरात कोकमाची सोलं निवडत होती.

"एवढे फोटो कसले?" बाबांनी विचारलं.

"तुमच्या छातीचे काप आहेत. पावाचे कापतात ना, तसे. वरून खालपर्यंत."

"म्हणजे मला न कापताच कापलान." ते हसले, आणि हसताना खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी पडद्याकडे बघत राहिले, कारण त्यांना त्या वेळी कोणी आपल्याकडे बघितलेलं आवडत नसे.

सॉफ्टवेअरने मध्येच विचारलं, रुग्णाचं नाव काढून टाकायचं का? प्रत्येक फाइलीच्या कोपऱ्यात इंग्रजीत बाबांचं नाव, वय, पुरुष, असं लिहिलेलं होतं. दादा ते साहेबांना पाठवणार, साहेब डॉक्टरांना, मध्ये कुणाकुणाच्या फोनवर जाणार. मी हो म्हटलं.

"नाव काढलंस?" बाबा म्हणाले.

"नको ना उगाच सगळीकडे फिरायला."

"मग कोणाची छाती ती कळायची कशी?"

"दादाला माहीत आहे की."

त्यांना ते फारसं पटलं नाही. त्यांच्या सगळ्या सामानावर, अगदी पाण्याच्या बाटलीवरसुद्धा, त्यांचं नाव रंगवलेलं असायचं. बोटीवरची सवय.

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली आणि फोल्डरात शेकड्यांनी फोटो येऊन पडले. पहिला उघडला. काळ्या पडद्यावर जेमतेम दिसणारं एक करडं अंडाकृती कडं, त्यात बरगड्यांचे पांढरे तुकडे, खाली मधोमध पाठीच्या कण्याचा एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना दोन मोठी काळी भोकं. ती फुप्फुसं. त्यांत काहीच नव्हतं. मला वाटलं, ती अशीच दिसत असणार, हवेनेच भरलेली असतात ना. वरचे, मधले, खालचे असे दहाबारा निवडून मी दादाला पाठवले.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास दादाचा मेसेज आला. मी तो मोठ्याने वाचला, कारण आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. "डॉक्टरांनी फोटो बघितले. म्हणाले, काही दिसत नाही."

आईने हातातली वात तशीच ठेवली. डब्यातली साखर घेऊन देवापुढे ठेवली, मग वात लावली. बाबा पडवीत बसलेले. त्यांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी पुन्हा वाचलं. ते त्यांच्या त्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी सांगितलंच होतं. खोकला तो खोकला. मिरकरवाड्यात जाऊन येतो, सुरमई मिळते काय बघतो."

"मासे नकोत आज," आई म्हणाली. "उद्या हेदवीला जायचंय."

"हेदवीला कशाला?"

"बोलले होते मी देवाला."

आईचं माहेर हेदवीच्या बाजूचं. दशभुजा गणपतीवर तिची श्रद्धा लहानपणापासूनची. तिने स्कॅनच्या आदल्या दिवशी मनातल्या मनात नवस केला होता आणि आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. मी दादाला फोन करून नीट विचारावं, डॉक्टर नक्की काय म्हणाले, असं तेव्हा कोणाच्याही डोक्यात आलं नाही. वाक्य इतकं सरळ होतं.

रविवारी सकाळी ओळखीच्या एका माणसाची गाडी केली आणि जयगडला आलो. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडायची. गाडी बोटीवर चढल्यावर बाबा लगेच उतरले आणि कठड्याला जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या बाजूला गेले. पाणी शांत होतं. बोटीचं इंजिन सुरू झालं तसं त्यांनी मान एका बाजूला कलती केली.

"ऐकतंस? डाव्या बाजूचं नीट नाय," ते म्हणाले. मला दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच वाटत होता. ते मात्र पलीकडचा धक्का येईपर्यंत तिथेच उभे राहिले आणि एकदाही खोकले नाहीत. निदान मला तसं आठवतं.

देवळात गर्दी नव्हती. आईने नारळ फोडला, मोदकांचा नैवेद्य दाखवला, बराच वेळ डोळे मिटून बसली. बाबा बाहेर सावलीत एका बाकावर बसून कुठल्याशा पर्यटकाला आपण कोणकोणती बंदरं बघितली ते सांगत होते. मी चपला घालत होते तेव्हा फोन वाजला. दादा होता.

"अगं, घोळ झालाय," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

"हेदवीला. देवळात."

तो मग म्हणाला, "आई आहे का जवळ? जरा लांब जा."

मी पायऱ्यांच्या कडेला गेले.

"डॉक्टरांचा आत्ता फोन आला होता. ते म्हणतायत, दुसरे फोटो अजून का पाठवले नाहीत? मी म्हटलं, दुसरे कुठले? तर ते म्हणाले, अहो, मी कालच तुमच्या साहेबांना सांगितलं ना, या फोटोंत काही दिसत नाही. सगळे काळे आलेत. फुप्फुस दिसतच नाही. मूळ फाइली पाठवा, नाहीतर नीट काढून पाठवा." दादाचा आवाज चिरकला. "मला साहेबांनी नुसतं तेवढंच सांगितलं गं. काही दिसत नाही. मी तसंच तुला लिहिलं."

"म्हणजे त्यांनी काही बघितलेलंच नाही?"

"काहीच नाही."

आई देवळातून प्रसादाचं ताट घेऊन बाहेर येत होती. ती बाबांच्या हातावर मोदक ठेवत होती, त्या पर्यटकालाही एक दिला, आमच्या ड्रायव्हरला दिला. मग मला हाक मारली. मी जाऊन हात पुढे केला. मोदक तोंडात घातला आणि तो गिळेपर्यंत मला काही बोलावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं.

परतीच्या वाटेवर बाबा बोलत होते. विहिरीचा पंप बदलायचा. मे महिन्यात दादाच्या मुलांना महिनाभर ठेवून घ्यायचं, त्यांना पोहायला शिकवायचं, ठाण्याच्या टाकीत पोहतात ते काही पोहणं नव्हे. आई मध्येमध्ये हूं म्हणत होती आणि तिला डुलकी लागत होती. मी पुढच्या सीटवर होते. आरशात दोघं दिसत होती. मी आरसा सोडून रस्त्याकडे बघायला लागले.

घरी आल्याबरोबर मी लॅपटॉप उघडला. या वेळी नुसतं बटण दाबलं नाही, वाचत बसले. स्कॅनच्या फाइलीत करड्या रंगाच्या हजारो छटा साठवलेल्या असतात. साध्या फोटोत त्यातल्या थोड्याच मावतात. म्हणून फोटो करताना ठरवावं लागतं की कुठल्या छटा ठेवायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या. हाडं बघायची असतील तर वेगळ्या, मांसल भाग बघायचा तर वेगळ्या, फुप्फुसांसाठी आणखी वेगळ्या. आपण काही सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. माझ्या सॉफ्टवेअरने बाबांची फुप्फुसं सोडून दिली होती.

मूळ फाइल उघडून त्यावर माउस दाबून धरला आणि हळूहळू ओढला, तशी ती काळी भोकं उजळत गेली. आधी धुरासारखं काही, मग त्यात बारीक फांद्या. रक्तवाहिन्या. आणि फांद्यांच्या मध्ये पांढरे ठिपके. निवडायच्या तांदळात खडे असावेत तसे. उजवीकडे मागच्या बाजूला एक मोठा होता, लिंबाएवढा, कडा ओबडधोबड.

मी स्वतःला समजावलं की त्याही रक्तवाहिन्याच असतील, आडव्या कापल्या गेलेल्या. पण कुठेतरी वाचलं होतं की काप पुढेमागे सरकवले तर रक्तवाहिनी कळते, ती पुढच्या कापातही असते, वळते, फुटते. म्हणून मी सरकवत गेले. हे ठिपके एका कापात यायचे, दोनतीन कापांनी नाहीसे व्हायचे. कशालाही जोडलेले नव्हते.

"काय गो, परत तेच?" बाबा दारात उभे होते.

"दादाकडे नीट पोचले नाहीत. पुन्हा पाठवतेय."

ते आत आले. खुर्ची ओढली. मी पडदा मिटवू शकले असते. मिटवला नाही. ते चष्मा लावून वाकून बघत राहिले. बाहेर आई शेजारणीला हेदवीचा प्रसाद देत होती, तिचा आवाज येत होता.

"काल असं नव्हतं," ते म्हणाले.

"काल फोटो काळे आले होते. माझ्या सॉफ्टवेअरने चुकीचे काढले. डॉक्टरांना काही दिसलंच नव्हतं, बाबा. म्हणून ते तसं म्हणाले."

"असं." त्यांनी एक बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही. "हे काय?"

"मला नाही कळत. मी डॉक्टर नाही."

"तू डॉक्टर नायस ते मला ठावूक हाय. दिसतंय काय, ते विचारतो."

"दिसतंय," मी म्हटलं.

ते मागे टेकून बसले. मला वाटलं ते आता काही विचारतील, किती आहेत, कुठे आहेत, बरं होतं का. त्यांनी ते काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "आईला उद्या सांग. आज देवाला जाऊन आलीय ती."

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा बोटीवर परत जाताना ठेवायचे, आणि पडवीत जाऊन बसले. मी फुप्फुसांसाठीच्या छटा ठेवून सगळे फोटो पुन्हा काढले आणि या वेळी मूळ फाइलीही दादाला इंटरनेटवरच्या ड्राइव्हवरून पाठवल्या. जेवताना बाबा पंपाबद्दलच बोलत होते. आईला आमटी आवडली का, असंही त्यांनी दोनदा विचारलं, आणि ती म्हणाली, "मीच केलीय ती."

सोमवारी डॉक्टरांचा फोन आला, दुपारी रिपोर्टही मिळाला. दोन्ही एकच सांगत होते. आईला मी सांगितलं तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिने ऐकून घेतलं, बादलीतले उरलेले कपडे वाळत घातले, आणि मग तुळशीच्या कट्ट्यावर बसली.

"मी आभार मानून आले गो त्याचे," ती म्हणाली. "न दिलेल्याचे आभार मानून आले. आता मागू कुठल्या तोंडाने?"

मी तिच्याजवळ बसून राहिले.

पुढचं सगळं, असल्या आजारात जसं होतं, तसंच झालं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गाठीचा तुकडा काढून तपासला. दादाच्या घरी राहून केमोच्या औषधाचे फेरे झाले. बाबांचे केस गेले, चव गेली. ठाण्यातल्या सातव्या मजल्यावरून त्यांना समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या आणि ते दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायचे. एक दिवस त्यांनी दादाला सांगितलं की आता पुरे, मला रत्नागिरीला नेऊन सोड. दादाने खूप समजावलं. शेवटी तोच गाडी चालवत घेऊन आला.

इथे आल्यावर आणखी दोनदा स्कॅन झाला. दोन्ही वेळेस मी फाइली उतरवल्या, फोटो काढले, पाठवले. आता मला ते झोपेतही जमलं असतं. कुठली छटा कशाला लागते हे पाठ झालं होतं. आळीतले आणि शाळेतल्या बाईंच्या नात्यातले लोकही आपापल्या सीड्या घेऊन माझ्याकडे यायला लागले आणि मी त्यांनाही करून देत होते. प्रत्येकाचं नाव काढताना, ठेवू का, असं आधी विचारत होते. बाबांच्या फोटोंत ठिपके वाढत गेले. मी ते मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं आणि ते मी पाळलं. बाबा पुन्हा कधी शेजारी येऊन बसले नाहीत. फोटो झाले का, एवढंच पडवीतून विचारायचे, आणि झाले म्हटलं की रेडिओ लावायचे.

शेवटच्या महिन्यात त्यांना आडवं होता येईना. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. आवाज अगदी बारीक झाला होता. कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागे. ज्या माणसाला शेजारची माणसं आवाजावरून घरी आला म्हणून ओळखायची, त्याचं बोलणं ऐकायला आम्ही पंखा बंद करायचो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, दादा मुलांना घेऊन परत गेला, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी चहा घेता घेता बाबा गेले. कप आईच्या हातात होता. दादाला तसाच पुन्हा उलटा यावं लागलं.

दादाच्या मनातून तो शनिवारचा मेसेज अजून गेलेला नाही. दरवेळी आला की तो कधी ना कधी विषय काढतो. आपण डॉक्टरांना एक फोन करून विचारायला हवं होतं, म्हणतो. मी त्याला सांगते की एका दिवसाने काय फरक पडणार होता. डॉक्टरही तेच म्हणाले होते. ते खरंच आहे. पण त्याला त्या एका दिवसाचं वाईट वाटत नाही हे मला माहीत आहे. फेरीबोटीच्या कठड्याला उभे असलेले बाबा त्याने बघितले नाहीत, मी बघितले. त्याने फक्त आईचा फोनवरचा आवाज ऐकला होता शनिवारी रात्री, आणि तो इतका आनंदी होता की अजूनही त्याला तिच्याशी बोलताना त्रास होतो.

आईने ते फोटो कधी बघितले नव्हते. मागच्या महिन्यात मी लॅपटॉपवर शाळेचं काम करत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

"त्यांचे ते फोटो हायत काय अजून?"

"आहेत."

"बघू."

मी पहिल्या स्कॅनचं फोल्डर उघडलं. तिने चष्मा आणला, खुर्चीत नीट बसली. मी एकेक काप पुढे सरकवत गेले. तिने ठिपक्यांबद्दल काही विचारलं नाही. ते तिला दिसले का, तेही मला कळलं नाही.

"काळीज कुठचं?" तिने विचारलं.

मी दाखवलं. मधोमध, किंचित डावीकडे कललेलं, करडं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बंद कर आता. भात खाली लागेल." आणि उठून आत गेली.